पांडुरंग हे नाव

सप्ताहात कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी प्रसादाला बसली की कोणीतरी एक शंका काढतोच : “महाराज, विठोबा तर काळासावळा. मग त्याला पांडुरंग का म्हणायचे? पांडुरंग म्हणजे पांढऱ्या रंगाचा ना?” शंका जुनी आहे, पण खोटी नाही. तिचा विचार करता करता आपण आपल्या घरातल्या मुलांच्या नावापर्यंत येऊन पोचतो, म्हणून या अंकात तीच हाती घेतली आहे. त्यातही पेण आणि रोहे या दोन तालुक्यांच्या वाचकांनी हा लेख जरा निवांतपणे वाचावा. कारण त्यांच्या मातीतली दोन मुले या विषयात पुढे येणार आहेत.

प्रथम शब्द पाहू. ‘पांडु’ म्हणजे फिकट पांढरा. महाभारतातला पांडुराजा फिकट वर्णाचा, कारण व्यासांचे उग्र रूप पाहून त्याची आई अंबालिका पांढरीफटक पडली. वैद्य लोक ज्याला पांडुरोग म्हणतात त्यात माणसाच्या अंगातले रक्त उणे होऊन तो निस्तेज दिसतो. तेव्हा शब्दाचा सरळ अर्थ गोरा, धवल असाच निघतो, त्यात काही लपवाछपवी नाही. यावर कीर्तनात उत्तर देतात ते असे : गोकुळात संध्याकाळी गाई परत येत, त्यांच्या खुरांची धूळ सावळ्या कृष्णाच्या अंगावर बसे आणि तो पांढुरका दिसे. तोच पुढे पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला. उत्तर गोड आहे. ज्याने गुरे राखली आहेत त्याला ते ताबडतोब पटते, कारण दिवसभर रानात राहिलेल्या पोराचे पाय कसे दिसतात हे त्याने पाहिलेले असते.

पंडितांचे उत्तर निराळे. पंढरपुरास सोळखांबी मंडपात शके 1159 म्हणजे इसवी सन 1237 चा होयसळ राजा सोमेश्वर याच्या वेळचा लेख आहे. त्या काळच्या कानडी लेखांत गावाचे नाव ‘पंडरगे’ असे येते. चौऱ्यांशीचा शिलालेख, ज्याला पाठ घासून आपण चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून सुटतो असे मानतो, तो शके 1195 ते 1199 (इसवी सन 1273 ते 1277) या काळातला, आणि त्यात ‘पांडरी’ हे रूप आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (1984) या ग्रंथात या सगळ्याचा बारकाईने ऊहापोह केला आहे. त्यांच्या मते आधी गावाचे नाव पंडरगे. त्याचेच बोलताना पंढरी झाले आणि संस्कृतात लिहिताना पांडुरंग झाले. म्हणजे ते क्षेत्राचे नाव देवाला मिळाले. तसे पाहिले तर यात आश्चर्य काय? आपणही पंढरीनाथ म्हणतोच. कोकणात अर्धी आडनावे गावावरून पडलेली आहेत. देवाने आपल्या गावाचे नाव लावले तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण!

पण याहून मोठी गोष्ट आणखी एका ठिकाणी सापडते. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी ‘देशीनाममाला’ म्हणून लोकभाषेतल्या शब्दांचा कोश केला. त्यात ‘पंडरंग’ या शब्दाचा अर्थ दिला आहे रुद्र, म्हणजे शंकर! डॉ. रा. गो. भांडारकरांनी 1913 साली वैष्णव आणि शैव पंथांवर ग्रंथ लिहिला, त्यात या नोंदीकडे लक्ष वेधले. भस्म फासलेला, कर्पूरगौर शंकर हा खरोखरच पांढऱ्या रंगाचा आहे. तेव्हा नाव हराचे आणि उभा आहे हरी, असा हा प्रकार झाला.

वारकऱ्याला हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. आपला देव मस्तकावर शिवलिंग धारण करून उभा आहे, ही आपली परंपरेची श्रद्धाच आहे. नरहरी सोनाराची कथा लहान पोरालाही येते. तो कट्टर शैव, विठ्ठलाचे तोंड पाहणार नाही म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून कमरेचा करगोटा करायला गेला. हाताने चाचपतो तो शंकर लागतो, पट्टी काढतो तो विठ्ठल दिसतो. आणि ज्ञानोबारायांचे गुरु निवृत्तिनाथ कोणाच्या परंपरेतले? नाथांच्या. नाथांचा मूळपुरुष आदिनाथ, म्हणजे शंकरच. म्हणून आपल्यात एकादशी धरणारा सोमवारही धरतो आणि त्याला दोन देवांची सेवा केली असे वाटत नाही. काळ्या देवाचे पांढरे नाव हे कोडे नसून ती आपल्या पंथाची खूण आहे, असे मला वाटते. हरिहरांचे भांडण ज्या एका शब्दात मिटले तो हा शब्द.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. व्हिएतनाम देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर पूर्वी चंपा नावाचे राज्य होते. त्याच्या दक्षिणेकडील प्रांताचे नाव ‘पांडुरंग’. नवव्या शतकातल्या तेथील संस्कृत शिलालेखांत ते येते, आणि आजच्या फान रांग शहराचे नाव त्यावरूनच आले आहे. 1832 मध्ये व्हिएतनामच्या राजाने तो प्रांत गिळंकृत केला तोपर्यंत ते नाव तेथे नांदत होते. तिथली जुनी देवळे मुख्यतः शंकराची. तेव्हा तो पांडुरंग आपला विटेवरचा नव्हे, उगाच ओढून ताणून नाते जोडू नये. पण शंकर आणि हे नाव यांची जवळीक हेमचंद्रांच्या कोशाबाहेरही दिसते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता मुलांच्या नावाकडे येऊ.

मुलाला देवाचे नाव का ठेवायचे, याचे उत्तर भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाच्या कथेत आहे. आयुष्यभर दुराचारात बुडालेला माणूस मरताना भ्याला आणि त्याने धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचे नाव नारायण. हाक मुलाला होती, पण धावले विष्णुदूत. ही कथा ऐकून आपल्या वाडवडिलांनी सोपा हिशेब केला. शेतात, खळ्यावर, होडीत, बाजारात दिवसाकाठी पोराला शंभर वेळा हाका माराव्या लागतात. ती प्रत्येक हाक नामस्मरण का होऊ नये? ज्याला माळ ओढायला सवड नाही त्याने पोराला पांडुरंग म्हणावे आणि दिवसभर हाका माराव्या. बारशाच्या दिवशी पाळण्याखालून-वरून मूल देता-घेता बाया देवाची नावे घेतात, मग आत्या कानात नाव सांगते. त्या लहानशा कानात पडलेला पहिला शब्द देवाचा असावा, ही त्यातली इच्छा. आषाढी-कार्तिकीला जन्मलेला, नवसाने झालेला, वारीहून परतल्यावर कूस उजवली म्हणून झालेला मुलगा पांडुरंग नाहीतर विठ्ठल, मुलगी विठाबाई नाहीतर रखमा, असे ठरलेलेच असे. तेलुगू मुलखातही पांडुरंगराव पुष्कळ आढळतात. सोळाव्या शतकात तेनाली रामकृष्ण कवीने तेलुगूत ‘पांडुरंग माहात्म्य’ लिहिले, तेव्हा त्या बाजूलाही हा देव परका नाही.

कोकणात घाटावरच्याइतकी मोठी दिंडी दिसत नाही, म्हणून तिकडे वारकरी कमी असा गैरसमज काही लोक करून घेतात. अहो, आषाढात पेण-रोह्याचा शेतकरी चिखलात भाताची लावणी करत असतो. लावणी टाकून निघाला तर वर्षभर खाणार काय? म्हणून तिकडचे कित्येक जण कार्तिकीला नाहीतर माघीला पंढरी गाठतात आणि एरवी गावोगाव सप्ताह लावून टाळ-मृदंग गाजवतात. आगरी, कुणबी, कोळी, ब्राह्मण, सगळ्या आळ्यांत पांडुरंग हे नाव चालत आले ते या नादातून.

रोहे हे कुंडलिकेच्या काठचे गाव. ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते आणि पोलीस त्यांना मानवंदना देतात, ही तिथली जुनी रीत. अशा गावात 19 ऑक्टोबर 1920 रोजी आठवले शास्त्र्यांच्या घरी मुलगा झाला. वडिलांचे नाव वैजनाथ, आईचे पार्वती. दोन्ही नावे कैलासावरची. मुलाचे नाव मात्र त्यांनी ठेवले पांडुरंग. तेच पुढे पांडुरंगशास्त्री आठवले. वडिलांनी 1926 साली मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा काढली होती, तिथून ते बोलू लागले आणि त्यांच्या स्वाध्यायाने कोळ्यांच्या वस्त्यांपासून परदेशापर्यंत लोक जोडले. 1996 मध्ये मॅगसेसे, 1997 मध्ये टेंपल्टन पुरस्कार आणि 1999 मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये ते निवर्तले.

त्यांचे पुरे नाव एकदा सावकाश उच्चारून पाहा : पांडुरंग वैजनाथ. हरी पुढे, हर मागे. आता दुसरे नाव घ्या. कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यात पालगडला 24 डिसेंबर 1899 रोजी जन्मलेले साने गुरुजी. नाव पांडुरंग, वडील सदाशिव. तिसरे, सेनापती बापट, पारनेरचे, जन्म 1880. नाव पांडुरंग, वडील महादेव. तीनही घरांत बाप शंकर आणि मुलगा विठ्ठल! हे कोणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. महाराष्ट्रात महादेव, सदाशिव ही नावे घरोघर होती, पांडुरंगही घरोघर होता, त्यामुळे असे जुळणारच. पण शैव-वैष्णवांची डोकी फुटलेल्या मुलखात असे जुळले नसते. जे हेमचंद्रांच्या कोशात सापडते आणि नरहरी सोनाराच्या बोटांना लागते, तेच आपल्या घरच्या नावांत असे सहज येऊन बसले आहे.

साने गुरुजींचे तर अधिकच गमतीचे. त्यांच्या आईचे नाव यशोदा. त्या यशोदेच्या पांडुरंगाने 1935 साली आईचे पुस्तक छापले, तेव्हा स्वतःला कोणते नाव घेतले? श्याम. पांडुरंग म्हणजे पांढरा, श्याम म्हणजे सावळा. प्रसादाच्या पंगतीत शंका काढणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे. यशोदेच्या घरी दोन्ही रंगांचा एकच मुलगा होता. पुढे 1947 च्या मे महिन्यात याच पांडुरंगाने पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले आणि ज्यांना अस्पृश्य मानून बाहेर ठेवले होते त्यांना मंदिराची दारे उघडली. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीशी आहे. ती ओलांडून आत जाताना इतकी शतके कोणाला काही वाटले नाही, आणि ते वाटायला देवाचेच नाव लावलेला एक माणूस उपाशी बसावा लागला, हे आपण वारकऱ्यांनी विसरता कामा नये. देवाचे नाव मुलाला ठेवणे सोपे असते. पुढे त्या मुलाला ते पेलावे लागते.

पेणच्या मंडळींना वाटेल, आमचे काय? तर पेण हे गणपतीचे गाव. तिथल्या मूर्ती कोठे कोठे जातात हे सांगायला नको. एका बाजूला पालीचा बल्लाळेश्वर, दुसऱ्या बाजूला खालापूर तालुक्यातल्या महडचा वरदविनायक, अष्टविनायकांपैकी दोघे या जिल्ह्यातच. तेव्हा पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी भाव्यांच्या घरी जो मुलगा जन्मला त्याचे नाव विनायक ठेवले गेले ते त्या मातीला साजेसेच. वडील नरहरी, आई रुक्मिणी. हा विनायक 1916 मध्ये गांधीजींच्या आश्रमात गेला आणि तिथे त्याचा विनोबा झाला. आता पाहा, ‘विनायक’चे लाडाने विन्या होते, विनू होते. विनोबा होते ते विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा, चोखोबा यांच्या ओळीत बसवल्यामुळे. त्यांच्या धाकट्या भावाचेही बाळकृष्णाचे बाळकोबा झाले. ‘बा’ म्हणजे बाप. मोठेपणा आणि माया एकाच अक्षरात सांगणारा हा प्रत्यय आपल्या संतांच्या नावांनीच मराठीत रुजवला आणि गणपतीचे नाव ठेवलेला मुलगा त्या एका अक्षराने पंढरीच्या वाटेला लागला. 1958 च्या मे महिन्यात विनोबा निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून आले, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी गुरुजींनी उघडलेले दार आणखी रुंद झाले.

या दोघांची गाठ आधीच पडली होती. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर एक प्रवचन केले. ती अठराही प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली म्हणून आज ‘गीता-प्रवचने’ आपल्या हाती आहेत. विनायक सांगतो आणि पांडुरंग लिहितो! महाभारत लिहिताना गणपती लेखक होता. इथे गणपतीने लेखणी पांडुरंगाच्या हाती देऊन स्वतः सांगायला सुरुवात केली.

आता जरा बोचणारे बोलतो. इतके पांडुरंग मोठे झाले, पण ‘पांडुरंग’ म्हणून आपण त्यांना किती ओळखतो? एक झाले गुरुजी, एक झाले सेनापती, एक झाले दादा. भारतरत्न महामहोपाध्याय काणे यांचेही नाव पांडुरंग, पांडुरंग वामन काणे, हे किती जणांना ठाऊक आहे? याचे मूळ काही अंशी आपल्या घरच्या रीतीत आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायचे, पण सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही. मग तिने पोराला हाक कशी मारावी? ती म्हणायची भाऊ, अण्णा, नाना, दादा. ज्या नावाने हजार वेळा हाक मारावी म्हणून ते ठेवले, ते नाव घरातली आईच घेऊ शकत नसे. अजामिळाची सारी युक्ती इथेच फसली.

आणि जिथे नाव घेतले गेले तिथे त्याची मोडतोड झाली. पांड्या, पांडू. त्यातही पांडू हे नाव तर थट्टेसाठीच राखून ठेवल्यासारखे झाले. 1975 साली ‘पांडू हवालदार’ चित्रपट आला, लोक पोट धरून हसले, आणि पुढे कोणत्याही शिपायाला पाठीमागे ‘पांडू’ म्हणायची खोड लागली. चित्रपटाला मी बोल लावत नाही. हसणाऱ्याने हसावे. पण आज तरुण आई-बापाला पांडुरंग हे नाव सुचवले की पहिला शब्द येतो, “नको, शाळेत पोरं पांडू म्हणतील.” म्हणून शाळेच्या हजेरीपटात हे नाव मुलाच्या जागी क्वचित आणि बापाच्या नाहीतर आजाच्या जागी जास्त दिसते. ज्या घरात रोज हरिपाठ होतो त्या घरातही बारशाच्या वेळी पुस्तकातून दोन अक्षरी नाव शोधतात. त्यातली काही नावे गोड असतात, ती ठेवावीत. पण भीतीपोटी देवाचे नाव टाळणे मला पटत नाही.

आता कोणी म्हणेल, संतांनी तरी देवाला कुठे मानाने हाक मारली? जनाबाई त्याच्याशी घरच्या माणसासारखी भांडली, अरेतुरे केले. खरे आहे. पण ती दळण दळताना त्याला शेजारी बसवून बोलत होती. प्रेमाने मोडलेले नाव आणि चेष्टेने मोडलेले नाव यांतला फरक, ज्याला हाक मारतात त्याला बरोबर कळतो. घरात आजीने ‘पांडोबा’ म्हटले तर पोर धावत येते. त्या ‘बा’मध्ये विठोबाचाच अंश आहे. तेव्हा ज्यांना लांब नाव जड वाटते त्यांनी पांडोबा म्हणावे, नाहीतर नुसते रंगा म्हणावे. कानाला दोन्ही बरी लागतात. मोठ्या माणसांनी मात्र घरात, दारात आणि चारचौघांत पुरे नाव घ्यायची सवय ठेवावी. मोठी जसे म्हणतात तसेच पोरे म्हणतात.

शेवटी लिहिण्याविषयी, कारण या चुका दाखल्यांत फार होतात. पांडुरंग लिहिताना ‘डु’ ऱ्हस्व. ‘पांडू’ असे नुसते लिहिताना मराठीच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटी आल्यामुळे तो दीर्घ होतो, आणि त्याच सवयीने लोक ‘पांडूरंग’ असे लिहून बसतात. तसे लिहू नये. 1836 साली मराठीचे व्याकरण रचणारे दादोबा तर्खडकर जन्मभर आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावत, दादोबा पांडुरंग. जन्माची नोंद करताना ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कागदावर सही करण्यापूर्वी ते एक अक्षर नीट पाहून घ्यावे. एकदा दाखल्यावर चुकले की शाळेपासून सातबाऱ्यापर्यंत तेच चालू राहते आणि मग दुरुस्तीसाठी तालुक्याला फेऱ्या माराव्या लागतात.